रोमन ब्राँझ पुतळ्यामागचं ग्रीक मूळ शोधताना: आधी काय पाहायचं, शेवटी काय

नेपल्स, रोम, फ्लॉरेन्स किंवा पॅरिसच्या संग्रहालयातला एखादा ब्राँझचा तरुण पाहून आलेल्यांच्या लेखनात एक वाक्य हमखास येतं: "ही ग्रीक पुतळ्याची रोमन नक्कल आहे." कधी ते बरोबर निघतं, बऱ्याचदा अर्धवट असतं आणि काही वेळा साफ चुकतं. हाताशी पुरेशी माहिती असूनही असं होतं, कारण पाहण्याचा क्रम उलटा लागतो. आधी चेहरा पाहिला जातो, मग उभं राहण्याची ढब, मग पॉलिक्लेइटोस किंवा लिसिप्पोस अशा एखाद्या ग्रीक शिल्पकाराचं मोठं नाव आठवतं. धातूकडे, सांध्यांकडे, सापडलेल्या जागेकडे नजर जाईपर्यंत निकाल लागून गेलेला असतो.

पुढचे टप्पे त्याच क्रमाने करा. त्यांच्यामागचा नियम एकच आहे: शैलीवरून निर्णय सर्वांत शेवटी. रोमन काळातल्या कार्यशाळा ग्रीक शैली जाणूनबुजून निवडत. गिऱ्हाइकाला जुन्या धाटणीचं हवं असेल तर जुनं देत, दोन शतकांची मिसळ हवी असेल तर तीही करून देत. त्यामुळे शैली हा इथे सर्वांत कच्चा पुरावा ठरतो.

## तयारी: घरातून निघण्याआधी

पाहायचे पुतळे दोन किंवा तीनच निवडा. प्रत्येकासाठी संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक, सापडल्याचं ठिकाण आणि सापडल्याचं वर्ष या तीन गोष्टी संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून टिपून घ्या. नोंदणी क्रमांकाचा कंटाळा करू नका. नेपल्समध्ये एकाच व्हिलामधून, म्हणजे श्रीमंत रोमन हवेलीतून, आलेले ब्राँझ पुतळे आणि मस्तकं डझनांनी आहेत. क्रमांक नसेल तर घरी आल्यावर कुठला फोटो कशाचा, हे कळणार नाही.

त्याच नमुन्याचे संगमरवरी पुतळे माहीत असतील तर त्यांचे समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून काढलेले फोटो फोनमध्ये साठवा. छोटी दुर्बीण असेल तर जरूर न्या. पुतळा चौथऱ्यावर असतो आणि केसांची रेषा, ओठ, पापण्या जमिनीवरून नीट दिसत नाहीत.

वहीत एका पानाचे दोन भाग करा. डावीकडे "दिसलं", उजवीकडे "वाटलं". पाटीवरची माहिती तिसऱ्याच जागी लिहा.

सावधान: पाटी शेवटी वाचा. पाटीवर "पॉलिक्लेइटोसच्या मूळ कृतीवरून" असं आधी वाचलं की डोळे तेवढंच शोधू लागतात.

## टप्पा १: सापडलेली जागा काय सांगते

ठिकाणावरून पुतळ्याच्या वयाची एक बाजू पक्की होते. नेपल्सजवळच्या हर्क्युलेनियम शहराचा व्हिला दे पापिरी इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडला गेला, म्हणजे तिथून निघालेला कोणताही पुतळा त्यानंतरचा नाही. ट्युनिशियाच्या किनाऱ्याजवळ माहदिया इथे १९०७ मध्ये सापडलेल्या बुडालेल्या जहाजाचंही तसंच. ते जहाज इ. स. पू. पहिल्या शतकात बुडालं, तेव्हा त्यातला माल त्याआधीचा.

इथे दोन चुका होतात. पहिली म्हणजे गाडलं गेल्याचं वर्ष ओतकामाचं वर्ष समजणं. पुतळा इ. स. ७९ मध्ये दोनशे वर्षांचा जुनाही असू शकतो. दुसरी म्हणजे "इटलीत सापडला म्हणून रोमन" हा तर्क. ग्रीसमधून पुतळे लुटून आणले जात, विकत आणले जात आणि ग्रीक कारागीर इटलीच्या गिऱ्हाइकांसाठी नवेही घडवत. हर्क्युलेनियमच्या त्याच व्हिलामध्ये पॉलिक्लेइटोसच्या भालाधारी तरुणाचं, म्हणजे डोरिफोरोसचं, ब्राँझमधलं मस्तक सापडलं. त्यावर कारागिराने स्वतःचं नाव कोरलं आहे: अथेन्सचा आर्खियास, त्याचा मुलगा अपोलोनिओस. काळ रोमन, घर रोमन, हात ग्रीक, नमुना इ. स. पू. पाचव्या शतकातला. अशा वस्तूला नुसतं "रोमन" किंवा नुसतं "ग्रीक" म्हटलं तर अर्धी गोष्ट हातातून जाते.

तपासा: वहीत "…च्या नंतरचा नाही" किंवा "…च्या आधीचा नाही" असं एक तरी वाक्य आलं का? ठिकाणच माहीत नसेल तर तसं स्पष्ट लिहा आणि पुढचे सगळे निष्कर्ष एक पायरी खाली धरा.

## टप्पा २: नंतरचे हात वेगळे काढा

समोर दिसतं ते सगळं प्राचीन नसतं. हर्क्युलेनियमचे ब्राँझ अठराव्या शतकात पोर्तिचीच्या राजेशाही कार्यशाळेत दुरुस्त झाले. तिथे तुटके भाग जोडले गेले, उणे भाग नव्याने घातले गेले आणि वरून एकसारखा गडद रंग चढवला गेला. नेपल्सला जो काळपट, सलग पृष्ठभाग दिसतो त्यावरून प्राचीन रंगाबद्दल काहीही बोलू नका. ताजं ब्राँझ सोनेरी-तपकिरी असतं. ओठ आणि स्तनाग्रं लालसर तांब्याची आणि डोळे हाड, दगड किंवा काचेचे बसवलेले, असा तो पुतळा मुळात बराच रंगीत होता.

चौथराही वेगळा धरा. १५३० मध्ये पेसारो इथे सापडलेला आणि आता फ्लॉरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात असलेला ब्राँझचा तरुण, इदोलिनो, एका देखण्या चौथऱ्यावर उभा आहे. तो चौथरा सोळाव्या शतकातला आहे.

या टप्प्याचं सर्वांत मोठं उदाहरण व्हिएन्नात आहे. १५०२ मध्ये ऑस्ट्रियातल्या माग्दालेन्सबर्गच्या उतारावर एक ब्राँझ तरुण सापडला. व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयातला पुतळा तोच, असं शतकानुशतकं मानलं गेलं आणि त्याच्या शैलीवर पानंच्या पानं लिहिली गेली. १९८० च्या दशकात धातू आणि ओतकाम तपासल्यावर कळलं की संग्रहालयातला पुतळा सोळाव्या शतकात ओतलेली प्रत आहे. मूळ हरवलं आहे. शैली पाहणाऱ्यांना हे कळलं नव्हतं, कारण प्रतीत शैली जशीच्या तशी उतरली होती.

तपासा: मान, खांदे, मनगटं, घोटे या ठिकाणी रंग किंवा पोत एकदम बदलतो का? बदलत असेल तर त्या भागाचा उपयोग पुढे तुलनेसाठी करू नका.

## टप्पा ३: ओतकाम वाचा

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्या, कारण बहुतेक लोक हाच गाळतात.

मूळ पुतळ्यावरून ब्राँझ प्रत करायची तर क्रम साधारण असा असे. मूळ पुतळ्यावरून तुकड्यातुकड्यांत साचे घ्यायचे. त्यांत प्लास्टर भरून प्रतिमा करायची म्हणजे ती दूर नेता येते. कार्यशाळेत तिच्यावरून पुन्हा साचे घेऊन आतून मेणाचा थर द्यायचा आणि मधल्या पोकळीत मातीचा गाभा भरायचा. साचा काढून मेणावर हाताने काम करायचं, गाभा हलू नये म्हणून मेणातून आरपार खिळे घालायचे, बाहेरून मातीचं आवरण चढवायचं, भाजून मेण काढून टाकायचं आणि त्या जागी धातू ओतायचा. हात, पाय, मस्तक बहुधा वेगळे ओतत आणि सांध्यावर वितळलेला धातू ओतून जोडत. मग खिळे काढायचे, हवेच्या बुडबुड्यांची भोकं चौकोनी ठिगळांनी बुजवायची, केसांच्या रेषा छिन्नीने उठवायच्या, शेवटी डोळे आणि ओठ बसवायचे.

यातली प्रत्येक पायरी कुठेतरी खूण ठेवते. मांडीवर, पाठीवर छोटे आयत दिसतात ती ठिगळं. ठिगळ निखळलं असेल तर नुसती चौकोनी खाच दिसते. दंडाभोवती किंवा मानेखाली पुसट रेषा दिसते तो सांधा. पाठीवर हे सर्वांत स्पष्ट असतं, म्हणून पुतळ्याला पूर्ण फेरी मारा.

प्लास्टरची मधली पायरी निव्वळ अंदाज नाही. नेपल्सजवळ बाइया इथे १९५४ मध्ये प्राचीन स्नानगृहांच्या परिसरात प्लास्टरचे शेकडो तुकडे सापडले. ते प्रसिद्ध ग्रीक ब्राँझ पुतळ्यांवरून घेतलेले होते. अथेन्सच्या जुलूमशाहीविरुद्ध उठलेल्या जोडीतला अरिस्तोगेइतोन त्यांत ओळखता आला आहे. लेखक ल्युशियनही सांगतो की अथेन्सच्या बाजारातला हर्मिस देवाचा पुतळा, शिल्पकार रोज साचे घेत असल्याने, डांबराने माखलेला असे. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्लास्टरच्या प्रतिमांवरून रेखाटन केलेल्यांना हा दुवा लगेच कळेल. दूरच्या पुतळ्याचा नेमका आकार प्लास्टरमधूनच प्रवास करतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. मेणाच्या पायरीवर बदल करता येतात. पेणच्या कारखान्यात एकाच साच्यातून निघालेल्या गणपतींचे हात, सोंड, मुकुट माती ओली असताना बदलले की दोन वेगळ्या मूर्ती तयार होतात, तसंच हे. माहदियाच्या जहाजात दायोनिसस देवाचं मस्तक असलेला एक ब्राँझ स्तंभ सापडला. त्यावर काल्खेदोनच्या बोएथोसची सही आहे. अगदी त्याच नमुन्याचा दुसरा स्तंभ अमेरिकेत गेटी संग्रहालयात आहे. मूळ कोणतं आणि नक्कल कोणती, हा प्रश्नच इथे नीट लागू पडत नाही. कार्यशाळेकडे नमुना होता आणि त्यावरून एकाहून जास्त वस्तू निघाल्या.

सावधान: मिश्रधातूवरून घाईने काळ ठरवू नका. अभिजात (इ. स. पू. पाचव्या-चौथ्या शतकातल्या) ग्रीक पुतळ्यांत तांब्यात साधारण दहा टक्के कथील आणि शिसं अगदी कमी असतं, रोमन पुतळ्यांत शिसं बऱ्याचदा भरपूर असतं, हे खरं. शिशाने धातू नीट वाहतो आणि स्वस्तही पडतो. पण सोन्याचा मुलामा द्यायचा असेल तर रोमन काळातही शिसं टाळत. व्हेनिसच्या सान मार्कोचे मुलामा दिलेले घोडे जवळजवळ निव्वळ तांब्याचे आहेत. "शिसं कमी, म्हणून ग्रीक" हा तर्क तिथे कोसळतो.

सावधान: साच्यावरून ओतण्याची पद्धत दिसली म्हणून "रोमन नक्कल" म्हणू नका. ही पद्धत ग्रीक कार्यशाळाही वापरत.

## टप्पा ४: शरीर तुकड्यांत पाहा

आता कुठे शैली, तीही एकदम नाही. मस्तक, केस, धड, पाठ, पाय असे पाच भाग करा आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या काळासारखा वाटतो ते "वाटलं"च्या रकान्यात लिहा. एका भागाकडे पाहताना बाकीचे हाताने झाका.

रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयातला पायातला काटा काढणारा मुलगा, स्पिनारिओ, या टप्प्याचा उत्तम सराव आहे. शरीर वाकलेलं, वळलेलं, हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक, काळाला शोभेल असं. मान खाली. केस मात्र चेहऱ्याभोवती तसेच बसलेले आहेत, जणू मस्तक ताठ उभं आहे. मान खाली घातलेल्या मुलाचे केस पुढे पडायला हवेत. मस्तकाची धाटणी इ. स. पू. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातली आहे आणि ती दुसऱ्या काळाच्या शरीरावर बसवली आहे. म्हणजे याचं एकच एक "मूळ" शोधत बसणं व्यर्थ. ही जुळवून केलेली नवी कृती आहे, आणि सुंदर आहे.

लूव्रमधला पिओम्बिनोचा अपोलो याहून चकवणारा. समुद्रातून निघालेला हा तरुण समोरून अगदी पुरातन (अभिजात काळाच्या आधीच्या) ग्रीक कुरोससारखा, म्हणजे उभ्या नग्न तरुणाच्या पुतळ्यासारखा: ताठ, एक पाय पुढे, केसांच्या नीट ओळी. डाव्या पावलावर चांदीच्या अक्षरांत अथेनाला अर्पण केल्याचा लेखही आहे. पण पाठ आणि पावलं पाहा. तिथलं मांस मऊ आहे, निरीक्षणातून आलेलं, पुरातन काळाला न साजेसं. १८४२ मध्ये त्याच्या आतून शिशाची पट्टी निघाली. तिच्यावर दोन कारागिरांची अर्धवट नावं होती, एक टायर शहराचा आणि एक ऱ्होड्स बेटाचा. आज तो इ. स. पू. पहिल्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. पुरातन धाटणी ठरवून घेतलेली.

तपासा: पाचही भागांपुढे एकच काळ आला का? आला तर टप्पा ६ मध्ये नकलेची शक्यता नीट तपासा. दोन काळ आले तर "नक्कल" हा शब्द तूर्त बाजूला ठेवा.

## टप्पा ५: हातात काय होतं आणि पुतळा करायचा काय

रिकाम्या मुठी आणि वळलेली बोटं नीट पाहा. इदोलिनो बराच काळ इ. स. पू. पाचव्या शतकातला ग्रीक खेळाडू समजला गेला. पण त्याच्या हाती दिवे टांगण्यासाठीची द्राक्षवेलीची फांदी होती. तो श्रीमंत घराच्या भोजनगृहासाठी केलेला दिवाधारी तरुण आहे. पाँपेईच्या व्हिआ देल्ल'अब्बोंदान्झावर १९२५ मध्ये सापडलेला तरुणही असाच. पिओम्बिनोच्या अपोलोचा जुळा म्हणावा असा एक पुतळा १९७७ मध्ये पाँपेईत गायस युलियस पॉलिबियसच्या घरी निघाला. तोही घरात काहीतरी धरून उभा राहण्याच्या कामाचा होता.

ग्रीक मंदिरात वाहिलेला विजेता दिवा धरून उभा नसतो. तेव्हा उपयोग कळला की निम्मा प्रश्न सुटतो: शरीर ग्रीक नमुन्याचं, काम रोमन घरातलं.

## टप्पा ६: भावंडं शोधा

"नक्कल" म्हणायची तर त्याच मुळावरून आलेली आणखी एक-दोन उदाहरणं हवीत. ती एकमेकांवरून केलेली नसावीत. तुलना करताना कपाळावरच्या केसांच्या बटा मोजा: किती, कोणत्या दिशेला वळलेल्या, दुभाजन कुठे. उभं राहण्याची ढब शेकडो पुतळ्यांत सारखी असते. बटांची मांडणी योगायोगाने सहसा जुळत नाही.

सरावासाठी अंगावरचं तेल आणि धूळ खरवडणाऱ्या खेळाडूचा, अपोक्सिओमेनोसचा, ब्राँझ नमुना घ्या. १८९६ मध्ये आजच्या तुर्कस्तानातल्या इफेससला सापडलेला पुतळा व्हिएन्नात आहे, तो २३४ तुकड्यांतून जोडला आहे. क्रोएशियात लोशिन्य बेटाजवळच्या समुद्रातून १९९९ मध्ये जवळजवळ अखंड पुतळा वर काढला गेला, तो आता माली लोशिन्यला आहे. याच नमुन्याचं एक ब्राँझ मस्तक टेक्सासच्या किंबेल संग्रहालयात आहे. तिघं शेजारी ठेवले की हरवलेलं इ. स. पू. चौथ्या शतकातलं मूळ खरोखर डोळ्यांपुढे येऊ लागतं.

सावधान: व्हॅटिकनमधला संगमरवरी अपोक्सिओमेनोस वेगळा. त्यात खेळाडूने एक हात पुढे ताणला आहे आणि तो लिसिप्पोसच्या कृतीशी जोडला जातो. इफेसस आणि लोशिन्यचा तरुण मान खाली घालून, हात खाली आणून खरवडणी साफ करतो. नाव एकच म्हणून दोघांचा शिल्पकार एक करू नका. ही चूक मराठीतच काय, सगळीकडे होते.

आणखी दोन गोष्टी. संगमरवरी पुतळ्याला झाडाचा बुंधा किंवा मांडीपासून मनगटापर्यंत आडवा दांडा असला म्हणजे मूळ ब्राँझच होतं, असं होत नाही. दगडाला आधार लागतो, मूळ कशाचंही असो. आणि उंचीतल्या थोड्या फरकाला घाबरू नका. ओतलेलं ब्राँझ थंड होताना साधारण दीड-दोन टक्के आक्रसतं, त्यात मेणावरचं काम आणि सांधे यांचा फरक मिळतो.

## लहान मूर्तींसाठी वेगळी वाट

वीतभर मूर्ती मोठ्या पुतळ्याच्या साच्यातून निघू शकत नाही. तिथे टप्पा ६ चा निकष लावूच नका. अशा मूर्तीत मूळ पुतळ्याचा नेमका आकार नसतो, ओळखीची ढब असते.

हे आपल्याकडे प्रत्यक्ष पाहता येतं. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४० च्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला आणि डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन केलं. त्या साठ्यात समुद्रदेव पोसायडनची एक छोटी मूर्ती होती. सोबत रोमन धाटणीची भांडी आणि आरसा. सातवाहन काळातल्या व्यापाराबरोबर ती रोमन जगातून इथवर आली. कोल्हापूरच्या टाउन हॉलमधल्या संग्रहालयात जाणाऱ्यांनी तिच्यावर टप्पा १, ४ आणि ५ करून पाहावेत. हेलेनिस्टिक पोसायडनच्या ढबीतली रोमन काळातली मूर्ती, इतकं म्हणायला आधार आहे. "लिसिप्पोसच्या पोसायडनची नक्कल" म्हणायला नाही.

## टप्पा ७: निर्णय लिहा

पाचपैकी एकच शब्द निवडा, आणि तो का निवडला ते एका ओळीत द्या.

१. मूळ: नमुना आणि ओतकाम एकाच काळातलं.
२. प्रत: ओळखीच्या मुळाच्या साच्यावरून, बटांपर्यंत जुळणारी. अपोलोनिओसचा डोरिफोरोस इथे बसतो.
३. रूपांतर: मूळ ओळखू येतं, पण उपयोग, वय किंवा हातातली वस्तू बदलली आहे.
४. जुळवलेली नवी कृती: दोन काळांची अंगं एकत्र, किंवा जुनी धाटणी ठरवून घेतलेली. स्पिनारिओ, पिओम्बिनोचा अपोलो.
५. ढबीची मूर्ती: लहान आकार, ठरावीक मूळ दाखवता येत नाही.

शिल्पकाराचं नाव सर्वांत शेवटी, आणि तेही दोन पायऱ्यांनी: आधी "हा पुतळा अमुक नमुन्याचा", मग "तो नमुना अमुक शिल्पकाराचा मानला जातो". दोन्ही एका वाक्यात कोंबू नका. प्लिनीसारख्या प्राचीन लेखकाच्या वर्णनावरून नमुना शिल्पकाराशी जोडलेला असेल तर तसं लिहा. एखाद्याच्या सहीवरून जोडलेला असेल तर सही कुठे आहे आणि कोणाची आहे ते लिहा. अपोलोनिओसने पॉलिक्लेइटोसचा नमुना ओतला, पण नाव स्वतःचं कोरलं.

आता पाटी वाचा. तुमचा शब्द आणि पाटीवरचा शब्द वेगळा असेल तर कोणत्या टप्प्यावर वाट फुटली ते वहीत शोधा. बहुतेक वेळा ती टप्पा २ किंवा ५ वर फुटलेली असते.